सज्ञान कोण? : केळापूर, परवाना आणि मद्यपानाचे वय

मराठीच्या वर्गात कायद्याची चर्चा निघावी असे प्रसंग थोडेच येतात. २०२४ च्या पावसाळी सत्राच्या सुरुवातीला असा एक प्रसंग आमच्या वाट्याला आला. वर्गात निबंधलेखन चालले होते. त्याआधी, १९ मे रोजी, पुण्याच्या कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला होता. अपघातापूर्वी तो मित्रांसमवेत मद्य प्याला होता, असा पोलिसांचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने त्याला प्रथम जामीन दिला तेव्हा घातलेल्या अटींपैकी एक अट रस्ते-अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. त्या अटीने महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. आमच्या वर्गात मात्र आधी हशा पिकला, कारण निबंध ही शिक्षा होऊ शकते हे आमच्या विद्यार्थ्यांना अनुभवाने पटलेले होते.

हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या पोडावर त पोट्टेच जाते बाटली आणाले. त्याइले किती शब्दाचा निबंध?"

वर्ग पुन्हा हसला. आम्हांला हसता आले नाही. हा विद्यार्थी केळापूर तालुक्यातील कोलामांच्या एका पोडावरून येणारा. त्याच्या प्रश्नात उपहास नव्हता, सरळ चौकशी होती. बाटली आणावयास जाणारे मूल कायद्याच्या लेखी कोण? अपराधी, पीडित, की केवळ निरोप्या? उत्तर आम्हांपाशी नव्हते. ते शोधता शोधता महाराष्ट्रातील मद्यविषयक कायद्याचा जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत. आम्ही कायद्याचे नव्हे, भाषा-साहित्याचे अध्यापक आहोत. त्यामुळे आमची वाट एका शब्दापासून सुरू होते.

तो शब्द म्हणजे 'सज्ञान'.

मराठी कायदेभाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' आणि त्यावरील व्यक्तीला 'सज्ञान' म्हणण्याची जुनी रूढी आहे. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा ही सर्वसाधारण मर्यादा ठरविली. इंग्रजी शब्दात केवळ लहान-मोठेपणाचा भाव आहे. मराठीने त्या जागी ज्ञानाचा निकष आणून बसविला. ज्याला आपल्या कृतीचा परिणाम कळतो तो सज्ञान, असा अर्थ त्या शब्दातून आपोआप ध्वनित होतो. मद्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने अठराव्या वर्षीच्या या ज्ञानावर विश्वास ठेवलेला नाही. बिअरसारख्या सौम्य मद्याला २१ वर्षे आणि तीव्र मद्याला २५ वर्षे, अशा दोन पायऱ्या आपल्या नियमांनी घालून दिल्या आहेत. अठराव्या वर्षी मत देता येते, करार करता येतो, मुलीला विवाह करता येतो. तीव्र मद्याचा पेला मात्र पंचविशीनंतर. २०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरण आणले तेव्हा या पंचविशीची सार्वजनिक चर्चा झाली. चित्रपट-अभिनेते इम्रान खान यांनी या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ती चर्चा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या तरुणांच्या स्वातंत्र्याभोवती फिरली. 'पंचवीसच का?' हे पुष्कळांनी विचारले. 'हे वय आपल्या कायद्यात शिरले कोणत्या दाराने?' हे फारसे कोणी विचारले नाही. आमच्या मते खरा इतिहास त्या दारापाशी आहे.

ते दार शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. यवतमाळ जिल्हा हा वऱ्हाडाचा भाग. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ नंतर मध्य प्रांताला जोडले गेले. आजचा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. या मुलखात मोहाची झाडे विपुल, आणि गोंड-कोलामांच्या जीवनात मोहाचे फूल हे अन्न, औषध व मद्य असे तिन्ही. जन्म, लग्न, मरण, पेरणी, सण या प्रसंगी मोहाच्या मद्याला स्थान होते; पहिला थेंब भूमीला आणि पूर्वजांना देण्याची रीत होती. कोणी, केव्हा, किती घ्यावे हे ठरविणारी सत्ता वडीलधाऱ्यांची होती. या व्यवस्थेत सर्व काही आदर्श होते असा आमचा दावा नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की तेथे मद्याला काही एक प्रसंग होता, आणि प्रसंगाला मर्यादा असते.

इंग्रजी अंमलाने मद्याचा प्रसंगाशी असलेला संबंध सैल केला आणि महसुलाशी संबंध जोडला. भट्ट्यांचे नियंत्रण, दुकानांचे लिलाव, मक्तेदार कलाल आणि आबकारीचे उत्पन्न ही त्या व्यवस्थेची अंगे होती. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने हेच केले. घरी गाळलेले मद्य गुन्हा ठरले आणि दुकानातून विकत घेतलेले मद्य सरकारचे उत्पन्न ठरले. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, वाढत्या गुत्त्यांविरुद्ध जो आक्षेप नोंदविला, त्याचे मर्म हेच होते. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, त्यामागे लोकमान्य टिळक उभे राहिले. पुढे गांधीयुगात मद्यनिषेध हा स्वराज्याचाच एक भाग बनला. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबईत १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीला मार्गदर्शक तत्त्वांत स्थान दिले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५९ च्या विस्तार अधिनियमाने मुंबईचा कायदा विदर्भालाही लागू झाला. केळापूर तालुका आज ज्या कायद्याखाली आहे तो हाच. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे.

या कायद्याचे नाव नीट वाचावे. तो मद्यविक्री-नियमन कायदा नाही, दारूबंदी कायदा आहे. त्याचे मूळ गृहीत असे की मद्य सर्वांनाच निषिद्ध आहे. मुलाला, तरुणाला, वृद्धाला, सर्वांना. ज्या घरात कोणीच आत जावयाचे नाही, त्या घराच्या दारावर 'मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी लावण्याचे कारण नसते. मग वय आले कोठून? ते आले अपवादातून, म्हणजे परवान्यातून. मूळ कायद्यात परदेशी व्यक्तींना विदेशी मद्याचा परवाना देण्याची तरतूद होती, आणि तो मिळण्याच्या अटींत एक अट अशी की अर्जदार अज्ञान नसावा. प्रकृतीच्या कारणास्तव दिल्या जाणाऱ्या परवान्यांतही वय पाहिले जाई. याच कायद्याचा वारसा चालविणाऱ्या गुजरातेत आजही अशा परवान्यासाठी चाळिशी ओलांडावी लागते. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात बंदी शिथिल केली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम केले, तरी मूळ कायदा रद्द केला नाही. त्याने परवान्याचे दार रुंद केले. २१ आणि २५ हे आकडे त्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले आहेत.

येथे आमच्या शोधातील मुख्य गोष्ट येते. आपल्या दारूबंदी कायद्यात 'अल्पवयीन मद्यपान' असा वेगळा गुन्हा ठळकपणे उभा नाही. वीस वर्षांचा तरुण मद्य प्याला तर त्याचा अपराध विनापरवाना प्राशनाचा असतो. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने परवाना न काढता घेतली तरी ६६ व्या कलमाखाली त्याचाही अपराध तोच. रक्तात ०.०५ टक्के वा अधिक मद्यार्क आढळला तर तो परवान्याविना वा अवैध नव्हता हे दाखविण्याचे ओझे आरोपीवर येते. तेथेही प्रश्न वयाचा नाही, परवान्याचा आहे. वयाची अट मोडून मद्य देणाऱ्या विक्रेत्याचे अनुज्ञापन ५४ व्या कलमान्वये निलंबित वा रद्द होऊ शकते. थोडक्यात, या कायद्यातील वय हे बालपणाचे कुंपण म्हणून जन्मलेले नाही. ते सवलतीची पात्रता म्हणून जन्मले आहे. परवाना कोणाला मिळावा, हा त्याचा प्रश्न. मूल कोठे आहे, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

तुलनेसाठी दोन परदेशी उदाहरणे पुरतील. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने राज्यांना एकवीस वर्षांची मर्यादा स्वीकारण्यास भाग पाडले. त्यामागे रस्त्यांवरील तरुणांच्या मृत्यूंचा स्पष्ट संदर्भ होता. इंग्लंडची कथा आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे. तेथे १८८६ मध्ये तेरा वर्षांखालील मुलांना दुकानात बसून पिण्यासाठी मद्य विकण्यास बंदी झाली. तेवढ्याने भागले नाही, कारण मुले स्वतः पिण्यासाठी कमी आणि घरच्यांसाठी आणण्यास अधिक जात. म्हणून १९०१ मध्ये दुसरा कायदा करून चौदा वर्षांखालील मुलाच्या हाती मोहोरबंद बाटलीखेरीज मद्य देण्यास मनाई केली गेली. वाटेत घोट घेण्याची सोय उरू नये, हा हेतू. आणावयास धाडलेले मूल तेथील कायद्याला दिसले, ते असे.

आपल्याकडे ते दिसले का? साहित्याच्या अंगाने पाहिले तर उत्तर विचारात टाकणारे आहे. मद्यपानावरील मराठी नाटकांत राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'चे स्थान अढळ आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील सुधाकर वकील आहे, सर्वार्थाने सज्ञान आहे. पहिला पेला तो अपमानाच्या दाहातून उचलतो. त्या पेल्याची किंमत देतात ती सिंधू आणि तिचे तान्हे मूल. सुधाकराच्या हातून त्या मुलाचा जीव जातो, आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. या नाटकाने मद्याविषयीच्या मराठी कल्पनेला जो साचा दिला त्यात पिणारा पुरुष प्रौढ, सोसणारी स्त्री पतिव्रता आणि मूल म्हणजे निष्पाप बळी. बाटली आणणारे, उरलेली चाखणारे, गुत्त्यात पेले विसळणारे मूल त्या साच्यात बसत नाही. ते मराठी वाङ्मयात आले ते पुष्कळ नंतर, दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून. तेथे दारू हा नाट्यमय ऱ्हासाचा प्रसंग नसतो, घरातील रोजचा व्यवहार असतो. आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य गडकऱ्यांच्या परंपरेतले नव्हते, या दुसऱ्या परंपरेतले होते. पहिल्याच परंपरेवर पोसलेल्या आमच्या कानांना ते क्षणभर कळले नाही, याची नोंद करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

कायद्याला ते मूल दिसले ते दारूबंदीच्या वाटेने नव्हे, बाल-संरक्षणाच्या वाटेने. २००० च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला मादक पेय देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०१५ च्या अधिनियमाने ती बरीच कडक केली. त्याच्या ७७ व्या कलमानुसार, वैद्यकीय सल्ल्याविना मुलाला मद्य वा अमली पदार्थ देणाऱ्यास वा देवविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यालाच लागून असलेले ७८ वे कलम मद्याच्या विक्रीसाठी, वाहतुकीसाठी वा चोरट्या व्यापारासाठी मुलाचा वापर करणाऱ्यास तेवढीच शिक्षा सांगते. येथे मूल म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न केलेली व्यक्ती. शिक्षेचा रोख मुलावर नाही, त्याच्या हाती बाटली देणाऱ्या सज्ञानावर आहे. पुण्याच्या प्रकरणात मुलाचे वडील आणि बारचे चालक यांच्यावर याच अधिनियमाची ७५ व ७७ ही कलमे लावण्यात आली. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या गदारोळात ही बाब झाकली गेली.

मद्याच्या व्यापारात मुलाचा वापर, हे शब्द केळापूरच्या भूगोलात फार मोठे होतात. तालुक्याचे नाव जगदंबेच्या केळापूरचे असले तरी कचेऱ्या पांढरकवड्यास आहेत, आणि तेथून नागपूर-हैदराबाद महामार्ग पाटणबोरीवरून पैनगंगेकडे उतरतो. नदीपलीकडे आदिलाबाद, म्हणजे दुसरे राज्य. जिल्ह्याच्या ईशान्येस वर्धा जिल्हा. गांधींच्या सेवाग्रामामुळे तेथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. पूर्वेस, वणीच्या पलीकडे, चंद्रपूर; तेथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. त्याच्याही पुढे गडचिरोली, जेथे मोठ्या लोकचळवळीनंतर १९९३ पासून बंदी आहे. आदिलाबादेतही, आंध्र प्रदेशात असताना, १९९५ ते १९९७ या काळात बंदी होती. ती आणण्यामागे नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या स्त्रियांपासून पसरलेले अर्‌क-विरोधी आंदोलन होते. म्हणजे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यवतमाळ जिल्ह्याच्या अवतीभोवती कोठे ना कोठे मद्य निषिद्ध होते, आणि या जिल्ह्यात ते परवान्याने मिळत होते. बंदीच्या प्रदेशाला लागून असलेल्या खुल्या प्रदेशात बाटली केवळ पिण्याची वस्तू राहत नाही, वाहण्याची वस्तू होते. वाहण्यासाठी ज्याच्यावर संशय कमी असा हात लागतो. आणि मुलाच्या हाताइतका असंशयित हात दुसरा कोणता? चंद्रपूरची बंदी उठविण्याच्या चर्चेत अवैध विक्रीत स्त्रिया व मुले ओढली गेल्याचा मुद्दा आग्रहाने मांडला गेला, तो उगाच नव्हे. बंदीच्या बाजूचे लोक यावर अंमलबजावणीचे अपयश दाखवितात, विरोधक बंदीचेच अपयश दाखवितात. त्या वादात आम्ही निवाडा करीत नाही. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात मूल पुरावा म्हणून येते, नागरिक म्हणून येत नाही, एवढेच नमूद करतो.

मग या मुलखात मुलाचा विचार कोणीच केला नाही काय? केला, आणि तो स्त्रियांनी केला. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशान्वये गावातील वा प्रभागातील स्त्रियांच्या मागणीवरून मद्यविक्रीच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे: उभी बाटली आणि आडवी बाटली. ठरलेल्या बहुमताने आडवी बाटली निवडली गेली तर दुकान बंद होते. यवतमाळ जिल्ह्यात 'स्वामिनी' या नावाने स्त्रियांनी जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली, तीही याच परिसरातील घटना. केळापूर तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी वा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेच्या कक्षेत आणला आहे. मोहाचा प्रसंग आणि दुकानाची बाटली यांतील भेद ओळखून निर्णय घेता येईल अशी जागा कायद्याने निर्माण केली असेल, तर ती ही.

या मतदानातील एक तपशील आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटतो. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे. म्हणजे पोडावरची अठरा वर्षांची मुलगी त्या दुकानातून तीव्र मद्य विकत घेण्यास आणखी सात वर्षे अपात्र आहे. पण ते दुकान असावे की नसावे, हे ठरविण्यास ती आजच पात्र आहे. परवान्याचा कायदा तिला अपात्र म्हणतो, ग्रामसभेचा कायदा तिला सज्ञान म्हणतो. 'सज्ञान' या मराठी शब्दातील ज्ञान जर कोठे खरे ठरत असेल तर येथे. मद्याचा परिणाम तिने पेल्यातून ओळखलेला नाही. बापाच्या हातातून, आईच्या पाठीवरून आणि धाकट्या भावाला हाती पैसे देऊन दुकानाकडे धाडले जाते त्या संध्याकाळीतून ओळखला आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले. सांगितले की बाटली आणणाऱ्या मुलाला निबंध लिहावा लागत नाही. त्याला धाडणाऱ्याने आणि त्याच्या हाती ती देणाऱ्याने कायद्याला जबाब द्यावयाचा असतो. ७७ आणि ७८ हे आकडे फळ्यावर लिहिले. तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, बापावर केस?"

या प्रश्नाला कलमात उत्तर आहे. पोडावर ते तितके सोपे नाही. सात वर्षांच्या सक्तमजुरीची भीती दाखवून ज्या बापाला सुधारावयाचे, त्याच्या मजुरीवरच ते घर चालते. कायदा इतका कठोर असूनही अशा घरांपर्यंत क्वचित पोहोचतो, याचे एक कारण ही कठोरताच असावी. पण दुकानदाराची गोष्ट वेगळी आहे. समोर दहा वर्षांचे मूल उभे आहे हे ओळखण्यास त्याला जन्मदाखला लागत नाही. आणि आमचीही गोष्ट वेगळी आहे. महामार्गावरच्या ढाब्यांपाशी आमचेच विद्यार्थी दिसले तेव्हा आम्ही मान वळवून पुढे गेलो आहोत. ते अज्ञान नव्हते. पण आम्ही तरी त्या क्षणी सज्ञानासारखे वागलो, असे म्हणता येणार नाही.

त्या तासाला ठरलेला निबंध झाला नाही. विषय बदलून आम्ही 'आमच्या गावातील संध्याकाळ' असा दिला, आणि शब्दमर्यादा घातली नाही.